रिकामे रस्ते, भरलेली रुग्णालये

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

२०२० सालच्या मार्च महिन्यात आमची दहावीची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर भूगोलाचा होता आणि तो झालाच नाही. २३ मार्चला ठरलेला तो पेपर आधी पुढे ढकलला गेला व नंतर कायमचा रद्द झाला. पुढे त्याच विषयाची पदवी घेण्याचे माझ्या नशिबी होते, ही गंमत येथे सोडून देऊ. पण त्या दिवसांत आमच्या गच्चीवरून दिसणारा राज्य महामार्ग मात्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. ज्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एस.टी., वडाप आणि दुचाक्या यांच्या गर्दीतून पलीकडे जायला पाच-पाच मिनिटे थांबावे लागे, तो रस्ता कुत्र्यांनी मधोमध अंग पसरून झोपावे इतका मोकळा झाला होता. ‘‘निदान अपघात तरी थांबले!’’ असे घरातील वडील मंडळी म्हणत, आणि आम्हां मुलांनाही ते पटत असे.

ही समजूत किती अपुरी होती ते सरकारी आकडे पाहिले म्हणजे कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांप्रमाणे २०१९ साली महाराष्ट्रात ३२,९२५ अपघात झाले आणि त्यांत १२,७८८ माणसे दगावली. २०२० साली अपघातांची संख्या २४,९७१ वर आली. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा अपघात कमी झाले. मग मृत्यूही चौथ्या हिश्श्याने कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मृतांचा आकडा ११,५६९ राहिला. घट दहा टक्क्यांचीही नाही. निराळ्या शब्दांत सांगायचे तर, आदल्या वर्षी दर शंभर अपघातांमागे सुमारे ३९ माणसे मरत होती, ती साथीच्या वर्षी ४६ मरू लागली.

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि ती रास्त आहे. टाळेबंदीत किरकोळ अपघाताची नोंद करायला पोलीस ठाण्यात जातो कोण? तेव्हा अपघातांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असेल व त्यामुळे हे प्रमाण काहीसे फुगले असेल. ते मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. मृत्यूची नोंद सहसा चुकत नाही. वर्षातले दोनेक महिने कडकडीत बंदीत आणि त्यापुढचे कित्येक महिने अर्ध्यामुर्ध्या बंदीत गेले असताना रस्त्यावरचे मृत्यू जेमतेम दहाव्या हिश्श्याने कमी व्हावेत, याचा अर्थ जी थोडी वाहने फिरत होती ती पूर्वीपेक्षा अधिक घातकपणे फिरत होती. साथीच्या काळात रस्ता सुरक्षेचे काम बाजूला पडले, आणि तेही नेमके अशा वेळी की जेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त होती. हे कसे घडले आणि तसे घडणे अटळ होते काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार मला येथे करायचा आहे.

या विषयाकडे मी आकड्यांतून वळलो नाही, हे आधी सांगायला हवे. माझा मामेभाऊ एका औषध विक्रेत्याकडे कामाला होता. टाळेबंदीतही त्याच्याकडे अत्यावश्यक सेवेचा पास असे. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी खोकी बांधून तो गावोगावच्या मेडिकल दुकानांना माल पोहोचवी. जुलै २०२० मध्ये रात्री नऊच्या सुमारास तो परत येत होता. रस्ता मोकळा, घरी जाण्याची ओढ. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम मार्चमध्ये बंद पडले होते, मजूर आपापल्या गावी निघून गेले होते आणि खडीचा ढीग अर्ध्या रस्त्यावर तसाच होता. त्याच्यापुढे ना दिवा, ना पिंप, ना लाल फडके. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेले होते. तालुक्याच्या रुग्णालयात त्याला नेले तर ते केवळ कोरोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवलेले. तेथून चाळीस किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी. तेथेही आधी नाकातला स्वॅब, त्याचा अहवाल आणि मग शस्त्रक्रिया. दादा वाचला. त्याचा उजवा पाय मात्र आखूड राहिला. कोणा एकाला दोष द्यावा असे यात काही नाही. डॉक्टर तर रात्रंदिवस उभे होते. पण खडीचा तो ढीग, आरशाला अडकलेले ते हेल्मेट आणि भरलेल्या त्या खाटा या तीन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे मला त्या वेळी प्रथम जाणवले.

रस्ता सुरक्षा म्हटले की आपल्यापुढे काय उभे राहते? जानेवारीतला सप्ताह, शाळकरी मुलांची फेरी, चौकात गुलाबाचे फूल देणारे वाहतूक पोलीस आणि निबंधस्पर्धा. हा झाला त्याचा उत्सवी भाग. त्याचा कष्टाचा भाग निराळाच असतो. नाक्यावर उभे राहून वेग मोजणे, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडणे, लायसन्स देण्याआधी खरोखर परीक्षा घेणे, ट्रकचे पासिंग वेळेवर करणे, धोकादायक वळण दुरुस्त करणे आणि जखमी माणसाला तासाभराच्या आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचवणे. यांतील बहुतेक कामे माणसाने माणसाच्या जवळ जाऊन करायची आहेत. आणि साथीच्या रोगाचा पहिला नियम तर असा की, माणसाने माणसाच्या जवळ जायचे नाही.

श्वासाच्या चाचणीचेच पाहा. संशयित चालकाने नळीत फुंकायचे व पोलिसाने हातभर अंतरावरून यंत्रावरचा आकडा वाचायचा, ही पद्धत श्वासातून पसरणाऱ्या रोगात चालणे शक्यच नव्हते. मुंबईसह अनेक शहरांतील वाहतूक पोलिसांनी २०२० मध्ये ही तपासणी थांबवली, आणि ते योग्यच झाले. परंतु एक दार बंद केले तर दुसरे उघडावे लागते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मद्याची मर्यादा मुळात रक्तावरच ठरलेली आहे: शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. तेव्हा संशय आल्यास रक्ताची चाचणी करता येते. मुंबईत ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीसाठी हाच मार्ग धरला गेला. मात्र मार्च ते डिसेंबर हा काळ काही थोडा नव्हे.

याहून चमत्कारिक गोष्ट नाकाबंदीची. खरे म्हणजे त्या वर्षी पोलिसांनी जितकी वाहने अडवली तितकी त्याआधी क्वचितच अडवली असतील. जिल्ह्याच्या सीमेवर नाका, तालुक्याच्या सीमेवर नाका, गावाच्या वेशीवर तर गावकऱ्यांनीच टाकलेली झाडाची फांदी. पण प्रत्येक ठिकाणी विचारणा एकच: ‘‘पास कुठाय? मास्क कुठाय?’’ तोंडाला फडके बांधलेला, पण डोके उघडे टाकलेला मोटारसायकलस्वार मानाने पुढे सोडला जाई. अडवायचे कष्ट झालेलेच होते. त्याच दमात ‘‘हेल्मेट कुठाय?’’ एवढा तिसरा प्रश्न विचारायला वेगळा खर्च लागणार नव्हता, वेगळा माणूस लागणार नव्हता. पोलिसांवर टीका करण्याचा हेतू नाही. त्या वर्षी त्यांतील हजारो स्वतः आजारी पडले आणि कित्येकांनी प्राण गमावले. वरून आलेल्या आदेशात तो तिसरा प्रश्न नव्हता, इतकेच.

आता मोकळ्या रस्त्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणाचे मूळ तेथे आहे. आपल्याकडे वेगावर नियंत्रण ठेवते कोण? कायदा ठेवतो असे पुस्तकात लिहिलेले असते. वस्तुतः ते काम गर्दी करते. समोर बैलगाडी, बाजूला रिक्षा, मागे भोंगा वाजवणारी बस, अशा स्थितीत ताशी ४० च्या पुढे जाण्याची कोणाची टाप नसते. गर्दी हाच आपला बिनपगारी वाहतूक पोलीस! साथीने एका रात्रीत त्याला घरी पाठवले, आणि त्याच्या जागी कोणी उभे राहिले नाही. पदार्थविज्ञान सोडून आम्हां कला शाखेच्या मंडळींना बरीच वर्षे झाली असली तरी एक गोष्ट आठवत असेल. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० ने आदळणारा माणूस आणि ताशी ८० ने आदळणारा माणूस यांच्यात एवढे अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. अपघात कमी आणि मृत्यू मात्र त्या मानाने जास्त, हे कोडे येथे सुटते.

दुसरे कारण दुचाकीचे. मुंबईच्या लोकलगाड्या २०२० च्या मार्चपासून सर्वसामान्यांना बंद होत्या, त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये खुल्या झाल्या. एस.टी.ची जिल्ह्याबाहेरची वाहतूक २० ऑगस्ट २०२० ला पुन्हा सुरू झाली, पण पुढेही कित्येक महिने लोकांना भरल्या बसमध्ये चढण्याची भीती वाटे. कामाला तर जायचेच होते. मग शेजाऱ्याची, मेव्हण्याची, जुनी, नवी, मिळेल ती दुचाकी बाहेर निघाली. देशभरातील रस्त्यांवरच्या मृतांत दुचाकीस्वारांचा वाटा २०१९ साली ३७ टक्के होता, तो २०२० साली ४३ टक्क्यांच्या वर गेला. रोगाच्या भीतीने माणसे बसमधून उतरून अधिक धोक्याच्या वाहनावर बसली. त्या काळात बस कमी करणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक असेलही. परंतु त्याचा दुसरा परिणाम रस्त्यावर उमटणार, हे कोणीतरी आधी मांडून ठेवायला हवे होते.

आणि ज्यांच्याजवळ दुचाकीही नव्हती ते चालत निघाले. त्यांच्याविषयी लिहिताना हात जड होतो. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. १६ मे रोजी उत्तर प्रदेशातील औरय्या येथे मजुरांना घेऊन जाणारा ट्रक व उभा ट्रक यांच्या अपघातात किमान चोवीस माणसे मेली. सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेने २५ मार्च ते ३१ मे या टाळेबंदीच्या काळातील रस्ते अपघातांची मोजदाद केली, तीत किमान ७५० मृत्यू आढळले व त्यांत १९८ घरी परतणारे मजूर होते. उन्हाच्या आणि अडवले जाण्याच्या भीतीने माणसे रात्री चालत, आणि त्याच रात्री ढाबे बंद असल्याने उपाशी व अर्धवट झोपलेले चालक ट्रक हाकत. हे दोघे अंधारात एकमेकांसमोर येणार, हे कळायला तज्ज्ञ कशाला हवा? दर वीस-पंचवीस किलोमीटरवर पाणी, भाकरी आणि निजायला मांडव, एवढी सोय हाच त्या दोन महिन्यांतला सर्वांत मोठा रस्ता सुरक्षा कार्यक्रम ठरला असता. अनेक गावांनी आपण होऊन तो केला. पण त्याला त्या नावाने कोणी ओळखले नाही.

हा दोष फक्त आपला, फक्त गरीब देशांचा, असे मात्र समजू नये. अमेरिकेत वाहतुकीचे सर्व शास्त्र, पैसा व यंत्रसामग्री असूनही चित्र आपल्यापेक्षा वाईट झाले. तेथे २०२० मध्ये लोकांनी गाड्यांतून केलेला एकूण प्रवास सुमारे ११ टक्क्यांनी घटला, तरी रस्त्यावरील मृत्यू सुमारे ३६ हजारांवरून जवळपास ३९ हजारांवर गेले. दर दहा कोटी मैलांमागे मृत्यूचे प्रमाण १.११ होते, ते १.३४ च्या आसपास पोहोचले. आपल्याकडे निदान एकूण मृत्यू घटले होते. तेथे ते वाढले. तेथील अनेक पोलीस खात्यांनी संसर्ग टाळण्यासाठी किरकोळ कारणावरून गाड्या अडवू नयेत असे ठरवले होते, आणि ती बातमी चालकांना कळायला वेळ लागला नाही. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने पाच ठिकाणच्या अपघात उपचार केंद्रांतून माहिती गोळा केली. गंभीर जखमी किंवा मृत चालकांपैकी मद्य अथवा अन्य अमली द्रव्य घेतलेल्यांचे प्रमाण साथीपूर्वी सुमारे निम्मे होते, ते दोन तृतीयांशांच्या जवळ गेलेले आढळले. दर मे महिन्यात होणारी सीटबेल्टची देशव्यापी मोहीम नोव्हेंबरवर ढकलावी लागली. जॉर्जिया राज्याने तर कळस केला. परीक्षक व उमेदवार एका गाडीत बसू शकत नाहीत म्हणून रस्त्यावरची चाचणी माफ करून जवळजवळ वीस हजार किशोरवयीन मुलांना लायसन्स देऊन टाकले. मागाहून टीका झाल्यावर त्या सर्वांना चाचणी द्यायला परत बोलावले.

आपणही या बाबतीत फार मागे नाही. वाहनांची व लायसन्सची जी कागदपत्रे १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदतबाह्य होत होती, त्यांची मुदत केंद्राने आधी जूनपर्यंत, मग सप्टेंबरपर्यंत, असे करीत करीत २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवली. लायसन्सच्या कागदाची मुदत वाढवून बिघडत नाही. कार्यालयात गर्दी होऊ नये हे खरेच होते. परंतु त्याच यादीत वाहनाच्या योग्यतेचा दाखलाही होता. कागदाची मुदत हुकमाने वाढते. ब्रेकची वाढत नाही.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्स घरबसल्या काढण्याची सोय झाली. सोय उत्तम, दलालाचे पैसे वाचले, रांग वाचली. आता प्रामाणिकपणे एक कबुली देतो. २०२२ मध्ये अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मीही असेच लायसन्स काढले आणि संगणकासमोर परीक्षेला मी बसलो असताना माझ्या डाव्या-उजव्या अंगाला दोन मित्र उत्तरे सांगायला बसले होते. आम्ही तिघे मिळून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो. साथीच्या निमित्ताने आलेली सोय साथ गेल्यावरही राहते, तेव्हा तिच्यातील पळवाटाही राहतात, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. साथीच्या काळात रस्ता सुरक्षेकडे दुर्लक्ष झाले, कारण ‘आधी साथ, मग बाकीचे’ असा विचार सर्वत्र होता. वरवर पाहता तो शहाणपणाचा वाटतो. परंतु अपघातातला गंभीर जखमी माणूस रुग्णालयात काय मागतो ते पाहा: अतिदक्षता विभागातील खाट, कृत्रिम श्वसनयंत्र, प्राणवायू, भूलतज्ज्ञ, रक्ताच्या पिशव्या. कोरोनाचा अत्यवस्थ रुग्ण काय मागत होता? यांतील रक्त सोडले तर जवळजवळ हेच. आणि रक्ताची तर निराळीच ओढाताण होती, कारण महाविद्यालये बंद, रक्तदान शिबिरे बंद. आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिरही त्या वर्षी होऊ शकले नव्हते. तेव्हा टळलेला प्रत्येक अपघात म्हणजे साथीसाठी मोकळी झालेली एक खाट होय. हे दोन विषय प्रतिस्पर्धी नव्हतेच. एकाची फाईल दुसऱ्याच्या फाईलीत ठेवायला हवी होती.

हा विचार कोणालाच सुचला नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेने तो उघडपणे केला. तेथे मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीबरोबर मद्यविक्री बंद झाली, ती १ जूनला सुरू झाली आणि १२ जुलैला पुन्हा बंद करण्यात आली. दुसऱ्या वेळी सरकारने दिलेले कारण स्पष्ट होते: दारूमुळे होणारे अपघात व मारामाऱ्या यांतील जखमींनी रुग्णालये भरू लागली असून त्या खाटा साथीसाठी हव्या आहेत. बंदीच्या काळात तेथील अपघात विभागांतील गर्दी ठळकपणे कमी झाली. अर्थात त्याबरोबर रात्रीची संचारबंदीही होती, तेव्हा श्रेय कोणाला किती हे ठरवणे सोपे नाही. चोरट्या दारूचा धंदा वाढला व द्राक्षमळ्यांतील कामगारांचे रोजगार बुडाले, ही दुसरी बाजूही आहे. उपाय आपल्याला पटो वा न पटो, त्यामागचा हिशेब मात्र बरोबर होता. आपल्याकडेही २५ मार्चपासून ४ मेपर्यंत दारूची दुकाने बंद होती, पण ती टाळेबंदीत इतर दुकाने बंद होती म्हणून. खाटांचा हिशेब त्यामागे नव्हता.

दुसऱ्या लाटेत, म्हणजे एप्रिल-मे २०२१ मध्ये, हे नाते सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. द्रवरूप प्राणवायूच्या टँकरना रुग्णवाहिकेचा दर्जा मिळाला. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली रेल्वेगाडी विशाखापट्टणमला निघाली. रस्त्याने येणाऱ्या टँकरपुढे पोलिसांची गाडी धावे, नाक्यानाक्यावर वाट मोकळी केली जाई. कारण तो एक टँकर घाटात उलटला असता तर एका रुग्णालयातील श्वास थांबले असते. त्या पंधरा-वीस दिवसांत रस्त्यावरची सुरक्षितता हा आरोग्य खात्याचा प्रश्न झाला होता. मग मोटारसायकलवरून औषधे नेणारा माझा भाऊ त्या हिशेबात का नव्हता?

आता प्रश्न उरतो तो असा की, माणसे जवळ येऊ शकत नसताना हे काम करायचे कसे. मला वाटते, उत्तराचा मोठा भाग रस्त्यातच आहे. पोलिसाला विलगीकरणात जावे लागते, गतिरोधकाला जावे लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली दीडशेच्या आसपास माणसे मेली होती. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि वर उल्लेखिलेली संस्था यांनी मिळून उघड्या काँक्रीटच्या खांबांना संरक्षक कठडे बसवणे, कठड्यांतील खिंडारे बुजवणे, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावणे अशी असंख्य बारीक कामे केली आणि साथ येण्यापूर्वीच, २०१९ मध्ये, मृत्यू शंभराच्या आत आले होते. असे काम एकदा केले की टाळेबंदीतही चालूच राहते. कोलंबियाच्या बोगोटा शहराने तर साथीचाच उपयोग करून घेतला. बसमधील गर्दी कमी व्हावी म्हणून मार्च २०२० मध्येच रस्त्यावर प्लॅस्टिकचे खांब व शंकू मांडून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांबीचे तात्पुरते सायकलमार्ग काढले. पाचशे किलोमीटरांवर सायकलमार्ग तेथे आधीपासून होतेच, म्हणून हे इतक्या झटपट साधले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याचे नाव येथे ओठांवर येते, पण ते राहू द्या.

शिक्षणाच्या बाजूविषयी फार लिहीत नाही. २०२१ च्या १८ जानेवारीपासून १७ फेब्रुवारीपर्यंत देशात प्रथमच सप्ताहाऐवजी संपूर्ण महिना पाळला गेला, हे चांगलेच झाले. मात्र लोक पुन्हा रस्त्यावर आले तेव्हा वेगाची चटकही बरोबर घेऊन आले. महाराष्ट्रातील मृत्यू २०२१ मध्ये १३,५२८ झाले आणि २०२२ मध्ये १५,२२४. साथीपूर्वीच्या आकड्यालाही मागे टाकणारी ही वाढ सगळीच साथीच्या माथी मारता येणार नाही, पण मोकळ्या रस्त्यावर लागलेली सवय गर्दी परतल्यावर आपोआप सुटते, ही आशा तरी त्यातून फोल ठरते.

आपल्या साथनियंत्रणाचा मूळ कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये तोच बाहेर काढला. तो लिहिला गेला तेव्हा मोटार रस्त्यावर जवळजवळ नव्हतीच. त्यात तिचा विचार नसावा यात नवल नाही. आज मात्र परिस्थिती निराळी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची बैठकही त्यांच्याच दालनात भरते. टेबल एक, खुर्ची एक. फायली तेवढ्या दोन. पुढच्या साथीच्या योजनेत (आणि पुढची साथ येणार हे आरोग्यशास्त्राचे विद्यार्थी आपल्याला सांगतच असतात) रस्त्यांसाठी एक पान घातले तरी पुष्कळ झाले. त्या पानावर काय असावे? अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रस्त्याच्या कामावर, मजूर जाण्यापूर्वी, दिवा व कठडा लावण्याची ठेकेदारावर सक्ती. नाकाबंदीच्या आदेशात पास व मास्क यांच्या खाली हेल्मेटची एक ओळ. श्वासयंत्राऐवजी रक्तचाचणीची व्यवस्था पहिल्या आठवड्यातच. मालवाहू चालकांसाठी ठरावीक ढाबे उघडे. प्रवासी वाहनांचे व ट्रकचे पासिंग बंद न ठेवता उघड्या मैदानात, वेळा ठरवून. पायी चालणाऱ्यांसाठी मांडव. आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी, सगळे रुग्णालय साथीसाठी घेतले तरी, अपघाताच्या जखमीसाठी वेगळ्या दाराची एक खोली, तिथे एक डॉक्टर आणि ती कोठे आहे हे १०८ च्या चालकाला ठाऊक असणे.

यंदा जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या आम्हां स्वयंसेवकांना महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे करण्यात आले होते. येणाऱ्या दुचाकीस्वारांच्या डोक्याकडे पाहायचे आणि वहीत रेघा ओढायच्या. उघड्या डोक्यांची रकाने भराभर भरत होती आणि त्यात काही प्राध्यापकही होते (कोण, ते वहीत लिहिलेले नाही). दुपारी दादा मला न्यायला आला. गाडी त्याने फाटकाबाहेर लावली, हेल्मेट काढून हातात घेतले आणि माझी वही चाळत विचारले, ‘‘हे कुठं पाठवणार तुम्ही?’’ कार्यक्रम अधिकारी सरांना विचारून सांगतो, असे मी म्हणालो. वही अजून विभागातल्या कपाटात आहे.